ब्रेक किती जोरात, आणि कुणासाठी

पंढरपूरहून परतणारी गजानन महाराजांची पालखी खामगावला पोचली की शेवटच्या टप्प्यात खामगाव-शेगाव रस्ता गाड्यांचा उरत नाही. सोळा-सतरा किलोमीटरचा हा पट्टा त्या दिवशी माणसांनी भरून जातो. खेड्यापाड्यांतली माणसे पालखीसोबत शेगावपर्यंत पायी चालतात, आणि गाडीवाल्याने वाट सोडायची हे कुणी कुणाला सांगावे लागत नाही.

बाकीचे दिवस मात्र हा रस्ता सगळ्यांचा असतो. दर गुरुवारी, प्रगटदिनाला, रामनवमीला, ऋषिपंचमीला पुण्या-मुंबईच्या नंबरच्या गाड्या, एसटी, काळीपिवळी, ट्रॅक्टर-ट्रॉली, मोटारसायकलवर तिघे-चौघे, आणि नवस फेडायला पहाटेच पायी निघालेले भाविक असे सगळे याच डांबरावरून जातात. कापसाच्या हंगामात ट्रॉलीच्या दोन्ही अंगांनी बाहेर आलेला कापूस अर्धा रस्ता अडवतो. म्हशींचा कळप आडवा आला तर थांबण्याखेरीज इलाज नसतो. २ एप्रिल २०२५ च्या पहाटे याच मार्गावर एक बोलेरो, एसटी आणि खासगी बस यांच्या अपघातात पाच जणांचा जीव गेला.

या रस्त्यावर गाडी चालवणाऱ्याला दिवसातून किती वेळा करकचून ब्रेक दाबावा लागतो, याची नोंद आजवर कुणी ठेवत नव्हते. आता ती ठेवता येते. खिशातला मोबाइल ठेवतो, स्टिअरिंगखाली बसवलेली काडेपेटीएवढी डबी ठेवते, नव्या गाडीत तर गाडीच ठेवते. ती नोंद विमा कंपनीकडे जाते, तिचे गुण होतात आणि त्या गुणांवर पुढच्या वर्षीचा हप्ता ठरू शकतो. मोठ्या शहरांपुरती वाटणारी ही पद्धत बुलढाणा जिल्ह्यातल्या एमएच २८ च्या गाड्यांपर्यंतही पोचणार आहे. म्हणून ती चालते कशी, आणि शेगावसारख्या गावाला ती कितपत न्याय देईल, हे आताच नीट पाहून घ्यायला हवे.

आजवरचा हिशेब गाडीचा होता, चालवणाऱ्याचा नव्हता. २००२ च्या मोटार टॅरिफने देशाचे दोन भाग केले. मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू, हैदराबाद आणि अहमदाबाद ही आठ शहरे ‘अ’ विभागात, उरलेला सगळा देश ‘ब’ विभागात. शेगावची गाडी ‘ब’ मध्ये, म्हणून तिचा दर थोडा कमी. त्यानंतर इंजिन किती सीसीचे, गाडी किती वर्षांची आणि आजची तिची किंमत, म्हणजे आयडीव्ही, किती एवढे पाहायचे की हप्ता निघाला. १ जानेवारी २००७ पासून स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दर कंपन्यांना मोकळा झाला, तरी हिशेबाचा सांगाडा बराचसा तोच राहिला. चालवणाऱ्याच्या वागण्याचा संबंध यायचा तो फक्त नो क्लेम बोनसपुरता. वर्षभर क्लेम केला नाही तर २० टक्के सूट, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५०. पण क्लेम न करणे म्हणजे गाडी नीट चालवणे नव्हे. बंपर घासला तरी बोनस जाऊ नये म्हणून गॅरेजवाल्याला रोख देऊन मोकळे होणारे गाडीमालक गावोगावी आहेत. उलट वर्षानुवर्षे जपून चालवणाऱ्याला मागून कुणी धडकले आणि त्याने आपल्या पॉलिसीवर क्लेम केला, तर त्याचा बोनस जातो.

माणूस प्रत्यक्ष कसा आणि किती गाडी चालवतो त्यावर पैसे घ्यावेत, हा विचार जुना आहे. गाडीच्या वापराप्रमाणे अपघाताचा खर्च मालकावर पडायला हवा, असे अर्थशास्त्रज्ञ विल्यम विक्रे यांनी १९६८ मध्ये मांडले होते. विक्रे यांना १९९६ मध्ये नोबेल जाहीर झाले आणि तीनच दिवसांनी त्यांचे निधन झाले. त्यांचा विचार प्रत्यक्षात आणायला लागणारे यंत्र तोवर स्वस्त झाले नव्हते. १९९८ च्या सुमारास अमेरिकेतल्या प्रोग्रेसिव्ह कंपनीने टेक्सासमध्ये उपग्रहाच्या मदतीने गाडी कुठे, कधी आणि किती चालली हे मोजून हप्ता आकारण्याचा प्रयोग केला. युरोपात या पद्धतीला वेगळ्याच कारणाने जोर आला. पुरुष आणि स्त्रिया यांना वेगळा हप्ता लावता येणार नाही, असा निकाल युरोपीय न्यायालयाने १ मार्च २०११ रोजी दिला. तरुण मुलगे जास्त अपघात करतात या एका आडाख्यावर चालणारा भाव बंद झाला, तेव्हा कंपन्यांना प्रत्येक चालकाचे वागणे मोजण्याची गरज वाटू लागली. इटलीत खोट्या क्लेमनी कंपन्या बेजार होत्या. तिथे गाडीत बसवलेली ‘काळी पेटी’ इतर कुठल्याही देशापेक्षा अधिक रुजली, कारण धडक खरोखर झाली का आणि केव्हा झाली, हे ती सांगू शकते.

भारतात विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये नव्या कल्पना मर्यादित प्रमाणात करून पाहण्यासाठी नियम केले आणि २०२० मध्ये काही कंपन्यांनी त्याखाली ग्राहक घेतले. टाटा एआयजीने गाडीत यंत्र बसवून किलोमीटरची पॅकेजेस विकली. एडलवाइजने मोबाइल ॲपवरून विमा चालू-बंद करण्याची सोय आणली. ही कंपनी आज झुनो नावाने ओळखली जाते. मग ६ जुलै २०२२ रोजी प्राधिकरणाने सर्वच कंपन्यांना परवानगी दिली. जितकी चालवाल तितके भरा, जशी चालवाल तसे भरा, आणि एकाच मालकाच्या अनेक गाड्यांना मिळून एक पॉलिसी, अशा तीन गोष्टी मूळ पॉलिसीला जोडून विकता येतील, असे परिपत्रक निघाले. न्यू इंडिया ॲश्युरन्ससारख्या सरकारी कंपनीनेही किलोमीटरची योजना आणली.

यांतली किलोमीटरची योजना समजायला सर्वांत सोपी आहे आणि माझ्या मते शेगावला सर्वांत लागू पडणारीही तीच आहे. इथल्या व्यापाऱ्याचे घर, दुकान, मंदिर आणि स्टेशन पायी जाण्याच्या अंतरात असते. मुंबई-हावडा मार्गावरचे स्टेशन दारात असल्याने लांबचा प्रवास रेल्वेने होतो. गाडी निघते ती लग्नाला, अकोल्याच्या दवाखान्याला, पोरांना सोडायला. वर्षाला पाच-सहा हजार किलोमीटर चालणाऱ्या अशा गाडीने रोज शंभर किलोमीटर धावणाऱ्या गाडीइतकाच हप्ता भरावा, याला काही अर्थ नाही. पॉलिसी घेताना ओडोमीटरचा फोटो किंवा व्हिडिओ द्यायचा आणि वर्षाचे किलोमीटर ठरवून घ्यायचे, एवढेच. ठरवलेले किलोमीटर संपले की काय होते, हे मात्र सही करण्याआधी वाचायलाच हवे. बहुतेक ठिकाणी आणखी किलोमीटर विकत घेता येतात. ते न घेता गाडी चालवत राहिलात आणि अपघात झाला, तर स्वतःच्या गाडीचा क्लेम अडकू शकतो. चालू-बंद करण्याच्या योजनेत विमा ‘बंद’ असताना चोरी आणि आग यांचे संरक्षण राहते, अपघातात स्वतःच्या गाडीला होणाऱ्या नुकसानीचे राहत नाही. घाईत बटण चालू करायला विसरलेल्या माणसाला हा फरक फार महागात पडेल.

वागणुकीवरची योजना गुंतागुंतीची आहे, आणि खरा प्रश्न तिथे आहे. मोबाइलमध्ये वेगातला बदल टिपणारा एक सेन्सर असतो आणि वळणे टिपणारा दुसरा. फोन उभा-आडवा फिरवला की पडदा फिरतो तो मुख्यतः पहिल्याच्या जोरावर. जीपीएस गाडीचा वेग आणि जागा सांगते. शेगावच्या गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालयातला इलेक्ट्रॉनिक्सचा कुठलाही विद्यार्थी सांगेल की हा पहिला सेन्सर आज अगदी साध्या स्मार्टफोनमध्येही असतो आणि त्याची किंमत नगण्य आहे. दुसरी पद्धत म्हणजे मेकॅनिक गाडीतला बिघाड वाचायला जिथे यंत्र लावतो त्या ओबीडी खोबणीत डबी बसवणे. ती थेट गाडीच्या संगणकाकडून वेग आणि इंजिनाची माहिती घेते. या दोन पद्धतींतून मिळून सहा-सात गोष्टी निघतात: एकदम ब्रेक, एकदम ॲक्सिलरेटर, वळणावरचा वेग, मर्यादेबाहेरचा वेग, चालवताना हातात घेतलेला फोन, रात्रीचा प्रवास आणि एकूण अंतर. त्यांना वजन देऊन शंभरपैकी गुण काढले जातात. कशाला किती वजन, हे प्रत्येक कंपनीचे आपापले असते आणि सहसा ग्राहकाला कळत नाही.

‘एकदम ब्रेक’ म्हणजे नेमके काय? प्रोग्रेसिव्हने वापरलेला निकष असा, की एका सेकंदात ताशी सात मैल, म्हणजे सुमारे अकरा किलोमीटर इतका वेग उतरला तर तो करकचून ब्रेक धरायचा. हा आकडा खामगाव-शेगाव रस्त्यावर लावून पाहू. गाडी ताशी ६० च्या वेगात असेल तर या मर्यादेच्या आत राहून थांबायला सुमारे ४५ मीटर लागतात, आणि पाय ब्रेकवर जाईपर्यंतच्या एका सेकंदात आणखी १७ मीटर जातात. म्हणजे म्हैस ६० मीटरांच्या आत आडवी आली तर तुमचा ब्रेक यंत्राच्या लेखी वाईट. तीच गाडी ४० च्या वेगात असती तर ब्रेक लागल्यावर वीस मीटरांत, तेही मर्यादेच्या आत राहून, थांबली असती.

या गणिताकडे मी दोन्ही बाजूंनी पाहतो. एक तर यंत्र काही अगदीच खोटे बोलत नाही. वस्तीतल्या रस्त्यावर साठने जाणारा माणूस पुन्हा पुन्हा करकचून ब्रेक मारतो, चाळीसने जाणाऱ्यावर ती वेळ क्वचित येते. एका म्हशीने कुणाचे गुण बुडत नाहीत. पाच-सहा महिन्यांच्या नोंदीतून जे चित्र उभे राहते ते बरेचसे खरे असते. देशात २०२२ मध्ये ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतले सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर नोंदले गेले. वेग आणि फोन या दोन सवयी मोजून एखादे ॲप माणसाला त्याच रात्री दाखवत असेल, तर त्याचे मोल आहे. घरातल्या नव्याने गाडी शिकलेल्या मुलाला वडिलांनी शंभर वेळा सांगूनही जे पटत नाही, ते कधी कधी आकड्यांनी पटते.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ब्रेक किती जोरात लागला एवढे यंत्राला कळते, तो का लागला हे कळत नाही. पायी चाललेल्या म्हाताऱ्या बाईला वाचवायला दाबलेला ब्रेक आणि ओव्हरटेक फसला म्हणून दाबलेला ब्रेक यांची नोंद एकसारखीच होते. मंदिराच्या आसपासच्या गल्ल्यांत ज्याचे घर आहे, त्याला रोज गर्दीतून वाट काढावी लागते. त्याचे गुण आणि रिकाम्या रस्त्यावर राहणाऱ्याचे गुण एका मापाने काढले, तर शिक्षा चालवण्याला नाही, पत्त्याला होते. ‘अ’ आणि ‘ब’ विभागांची जुनी भेदरेषा मिटवायला निघालेली पद्धत घरागणिक नवी रेषा ओढू लागेल.

समृद्धी महामार्ग घ्या. नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला, आणि ५ जून २०२५ पासून ७०१ किलोमीटरचा सगळा मार्ग खुला आहे. बुलढाणा जिल्ह्यात तो मेहकर, सिंदखेडराजा या भागांतून जातो, आणि नागपूरकडून किंवा मुंबईकडून शेगावला येणारे कितीतरी भाविक आता त्यावरून येतात. कारसाठी मर्यादा ताशी १२० आहे. रस्ता सरळ, आडवे कुणी येत नाही, ब्रेकला पाय लावावा लागत नाही. तिथे गाडी चालवणाऱ्याला ब्रेकचे आणि वळणाचे गुण पैकीच्या पैकी मिळतील. पण याच मार्गावर, याच जिल्ह्यात, सिंदखेडराजाजवळ १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी जळून मेले. एकसुरी रस्त्यावर चालकाला येणारी गुंगी हा या मार्गाबद्दल सतत बोलला गेलेला धोका आहे, आणि डोळ्यावर आलेली झापड मोबाइलचा सेन्सर पाहू शकत नाही. रात्रीच्या प्रवासाचे गुण कापून तो फार तर अंदाज बांधतो. मग रात्री दोन वाजता अकोल्याला पेशंट घेऊन निघालेल्या गाडीचेही गुण कापले जातात.

आता पैशांचा हिशेब. समजा, बाराशे सीसीच्या एका जुन्या गाडीचा स्वतःच्या नुकसानीचा हप्ता ६,००० रुपये आहे आणि मालकाला ५० टक्के नो क्लेम बोनस मिळतो. उरले ३,०००. चांगल्या गुणांबद्दल त्यावर २० टक्के सूट मिळाली तर वाचले ६०० रुपये. वर्षभर आपल्या हालचालींची नोंद देण्याचा हा मोबदला. दुसऱ्या बाजूला त्याच गाडीचा थर्ड पार्टी हप्ता आहे ३,४१६ रुपये. जून २०२२ पासून १००० ते १५०० सीसीच्या खासगी कारला तो लागू आहे. हजार सीसीच्या आतल्या गाडीला २,०९४ आणि दीड हजारावरच्या गाडीला ७,८९७. हा दर केंद्र सरकार ठरवते, आणि चालवणाऱ्याच्या वागण्याने त्यात एका रुपयाचाही फरक पडत नाही.

मला सांगायचे आहे ते हेच. ज्या विम्यात वागणूक मोजली जाते तो विमा गाडीच्या पत्र्याचा, काचेचा, बंपरचा आहे. रस्त्याने चाललेल्या वारकऱ्याला, सायकलवरच्या शाळकरी मुलाला, मोटारसायकलवरच्या नवरा-बायकोला गाडीने उडवले, तर भरपाई द्यायची ती थर्ड पार्टी विम्यातून. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ ने तो सक्तीचा केला आहे आणि मृत्यू किंवा इजा झाल्यास त्यात रकमेची मर्यादा नाही. बेदरकार चालवण्याची खरी किंमत ज्याला मोजावी लागते, त्याच्यासाठीच्या विम्यात वागणुकीला जागाच नाही. तिथे फक्त इंजिन किती मोठे एवढे विचारले जाते. जपून चालवणारा शिक्षक आणि एका हाताने फोनवर बोलत वस्तीतून ऐंशीने जाणारा माणूस, दोघांची गाडी सारखी असेल तर दोघेही तेवढेच भरतात. त्याहून वाईट म्हणजे, देशातल्या रस्त्यांवरची निम्म्याहून अधिक वाहने हा सक्तीचा विमासुद्धा उतरवत नाहीत. विमा नसताना पहिल्यांदा पकडले गेले तर दंड २,००० रुपये आहे, म्हणजे बाराशे सीसीच्या गाडीच्या हप्त्यापेक्षाही कमी.

वागणूक आणि हप्ता यांची सांगड पोलिसांच्या नोंदींवरून घालण्याचा एक विचारही झाला होता. जानेवारी २०२१ मध्ये नियामकाच्या कार्यगटाने वाहतुकीचे नियम मोडण्याबद्दल विम्यात वेगळा हप्ता जोडावा, असा मसुदा मांडला. दारू पिऊन चालवल्यास १०० गुण, चुकीच्या जागी गाडी लावल्यास १०, आणि गुणांप्रमाणे जादा पैसे. सुरुवात दिल्लीपासून करायची होती. हा मसुदा पुढे मागे पडला, पण मला त्यातली एक गोष्ट पटते. नोंद कशामुळे झाली हे चालकाला कळते आणि चलान चुकीचे असेल तर त्याविरुद्ध दाद मागता येते. ॲपच्या गुणांविरुद्ध दाद मागण्याची तेवढी स्पष्ट वाट आज नाही.

नोंदींचे पुढे काय होते, हा प्रश्नही काल्पनिक राहिलेला नाही. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या गाड्यांनी टिपलेले ब्रेक, वेग आणि प्रवासाचे तपशील माहितीच्या दलाल कंपन्यांकडे जात होते आणि तिथून विमा कंपन्यांपर्यंत पोचत होते, हे मार्च २०२४ मध्ये वर्तमानपत्रातून उघड झाले. हप्ता अचानक का वाढला हे शोधताना काही मालकांना स्वतःच्या शेकडो फेऱ्यांची यादी सापडली. कंपनीला तो कार्यक्रम बंद करावा लागला, टेक्सास राज्याने खटला भरला, आणि जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने अशी माहिती दलालांना देण्यावर पाच वर्षांची बंदी घालण्याचे पाऊल उचलले. आपल्याकडे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. संमती कशासाठी घेतली हे सांगणे आणि संमती मागे घेता येणे, ही त्याची मुख्य तत्त्वे. त्याचे नियम यायलाच २०२५ चा नोव्हेंबर उजाडला. गाडी कुठे थांबली, कुणाच्या दारात किती वेळ थांबली, कोणत्या दवाखान्यात गेली, हे सगळे जीपीएसच्या नोंदीत असते. ब्रेकचे गुण काढायला त्यातले फारच थोडे लागते. म्हणून जेवढे लागते तेवढेच घ्या, असा आग्रह धरायला हवा.

गाडीच्या विम्याचे नूतनीकरण जवळ आले असेल तर वाचकाने एजंटला काही गोष्टी लेखी विचाराव्यात. गुण कशाकशाचे काढता? वाईट गुण पडले तर फक्त सूट जाईल, की हप्ता वाढेलही? क्लेमच्या वेळी ही नोंद माझ्याविरुद्ध वापराल का? गाडी मुलाने किंवा ड्रायव्हरने चालवली तर गुण कुणाचे? मी बसचा प्रवासी असताना फोनने टिपलेला प्रवास वगळता येतो का? संमती काढून घेतली तर जुन्या नोंदींचे काय करता? याची सरळ उत्तरे मिळाली नाहीत तर वागणुकीची योजना सोडा आणि गाडी कमी चालत असेल तर किलोमीटरची घ्या. तक्रार करायची वेळ आली तर विमा प्राधिकरणाचे ‘बिमा भरोसा’ पोर्टल आणि विमा लोकपाल हे दोन मार्ग आहेत.

आणि केंद्र सरकारला व विमा प्राधिकरणाला या जिल्ह्यातून एक मागणी जायला हवी. जपून चालवणाऱ्याला थर्ड पार्टी हप्त्यात सूट द्या. हप्ता वाढवू नका, फक्त सूट द्या, म्हणजे सक्तीचा विमा कुणाच्या आवाक्याबाहेर जाणार नाही. ती सूट देताना वस्तीतला वेग आणि हातातला फोन या दोनच गोष्टी मोजा, कारण पायी चालणाऱ्याचा जीव त्यांवर अवलंबून असतो. तोपर्यंत प्रत्येक गाडीमालकाने स्वतःच्या थर्ड पार्टी विम्याची तारीख आज पाहावी, आणि उलटून गेली असेल तर गाडी रस्त्यावर काढण्याआधी तो भरावा.